काट्याला ठप्पा लागतो, कॅमेऱ्याला का नाही?

प्रति,
नागपुरातील व्यापारी, अडत, उद्योग व माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद,
कळमना, इतवारी, गांधीबाग, हिंगणा, बुटीबोरी, मिहान

विषय : धंद्यातील एआयची तपासणी आणि त्यासाठी संघटनांनी करायची तीन कामे

स. न. वि. वि.

इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी पासिंग करून घ्यावा लागतो. प्रमाणित वजने ठेवून तो तपासला जातो, ठप्पा लागतो, प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. वजनात मार बसल्याचा नुसता संशय आला तरी गिऱ्हाईक भांडायला उभे राहते आणि ते भांडण कुठे न्यायचे हेही त्याला ठाऊक असते. पण त्याच मालाची प्रत आता काही ठिकाणी कॅमेरा लावतो, बिल सॉफ्टवेअर वाचते, नोकरीचे अर्ज एआय गाळते, तक्रारीला बॉट उत्तर देतो. यांतल्या एकालाही पासिंग नाही. किलोमागे दहा ग्रॅम गेले तर एक टक्का जातो. माल एक प्रत खाली घसरला तर किती जातो, ते अडत्यांना आम्ही सांगायला नको.

एआय वापरू नका, असे सांगायला हे पत्र नाही. आम्ही स्वतः ही साधने बसवतो, चालवतो, दुरुस्त करतो. आमचे म्हणणे एवढेच की मोजणाऱ्या प्रत्येक साधनाला तपासणी हवी, आणि ते चुकले तर सही कोणाची, हे ते चालू करण्याआधी ठरलेले असावे.

संत्र्यापासून सुरुवात करू. ग्रेडिंग लाइनवर फळ रोलरवर गोल फिरते, कॅमेरा त्याचे चारी बाजूंनी फोटो घेतो आणि सॉफ्टवेअर तीन गोष्टी काढते : व्यास, रंग, डाग. व्यास ही भूमिती आहे, तिथे फारसे चुकत नाही. रंग आणि डाग मात्र यंत्र फोटो पाहून शिकलेले असते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा : कोणत्या फळाचे फोटो, कोणत्या महिन्यातले? यंत्र किन्नोवर (पंजाबकडच्या संत्र्यासारख्या फळावर) शिकलेले असेल तर गडद केशरी म्हणजे तयार फळ, हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. आपला आंबिया बहार ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणीला येतो तेव्हा फळ आतून रसाने भरलेले असले तरी सालीवर हिरवट-पिवळी झाक असते. मृग बहाराचे फळ थंडी खाऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, त्याला रंग चांगला चढतो. म्हणजे मार्चमध्ये प्रात्यक्षिक पाहून घेतलेले यंत्र मार्चमध्ये सरळ चालेल आणि ऑक्टोबरात चांगले फळ ‘कच्चे’ म्हणून खालच्या पट्ट्यावर ढकलेल. त्यात नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि देठाशी उंचवटा असतो. त्या उंचवट्याची सावलीही डाग म्हणून मोजली जाऊ शकते.

तपासायला दोनशे फळे आणि एक दुपार पुरते. फळे किमान चार-पाच बागांमधली घ्या, एकाच बागेतली नकोत. दोन जुन्या निवडणाऱ्यांना ती वेगवेगळी द्या आणि एकमेकांचे न पाहता प्रत लावायला सांगा. ज्या फळांवर दोघांचे जुळणार नाही ती बाजूला काढा. माणसांचेच एकमत नसेल तर यंत्राला दोष देता येत नाही. उरलेली फळे प्रतीप्रमाणे ट्रेमध्ये भरा आणि नंबर ट्रेला द्या, फळाला नको. फळावर स्टिकर लावला की कॅमेरा तोच डाग धरतो. मग एकेक ट्रे लाइनवर सोडा आणि कोणत्या पट्ट्यावर किती फळे पडली ते लिहा. तीच फळे पुन्हा एकदा सोडा. दुसऱ्या फेरीत आकडे बरेच हलले तर चूक बहुधा मॉडेलची, म्हणजे फोटोंवर शिकलेल्या सॉफ्टवेअरची, नसते : काचेवर धूळ बसलेली असते, एखादा एलईडी मंद झालेला असतो, किंवा कॅमेरा वॅक्सिंगनंतर लावलेला असतो आणि मेणाची चमक त्याला पांढरा डाग वाटते.

विक्रेता एकच आकडा सांगतो, ‘पंचाण्णव टक्के अचूक’. त्यावर थांबू नका. दोनशेत दहा चुका म्हणजे पंचाण्णव टक्केच. पण त्या दहा चुका कोणत्या? चांगले फळ खाली गेले तर नुकसान शेतकऱ्याचे. खराब फळ वर आले तर नुकसान पॅकहाउसचे (फळ निवडून पेट्या भरणाऱ्याचे) किंवा पुढच्या खरेदीदाराचे. सॉफ्टवेअरमध्ये एक उंबरठा असतो, म्हणजे फळ वरच्या प्रतीत घ्यायचे की खालच्या हे ठरवणारी सीमा; तो थोडा इकडेतिकडे सरकवला की चुका एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात आणि एकूण टक्केवारी जवळपास तीच राहते. यंत्राचे पैसे पॅकहाउस मोजतो, तक्रारीचा फोनही तोच करतो. उंबरठा कोणाच्या सोयीने सरकत जाईल हे कळायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. यात कोणाची बदमाशी असेलच असे नाही, पण चुरीच्या, म्हणजे खालच्या प्रतीच्या, ढिगात मात्र चांगली फळे वाढत जातात. म्हणून दोन आकडे वेगळे मागा, बहारनिहाय मागा, आणि उंबरठा बदलल्याची तारीख व बदलणाऱ्याचे नाव वहीत येऊ द्या.

आता इतवारी-गांधीबागेकडे येऊ. इथे एआय मुनीमजींच्या शेजारी येऊन बसले आहे. बिलाचा फोटो काढला की सगळे रकाने आपोआप भरतात. काम खरोखर वाचते, आणि चूकही त्याच वेगाने होते. हाताने लिहिलेला देवनागरी १ आणि ९, इंग्रजी 1 आणि 7, ‘क्विं.’ आणि ‘कि.’ यांत गफलत होते. १,००,००० मधला स्वल्पविराम परदेशी पद्धतीने वाचला की शून्य गळते. यावर उपाय म्हणून दुसरे एआय लावू नका, साधे सूत्र लावा. करपात्र रक्कम अधिक दोन्ही कर (केंद्राचा व राज्याचा जीएसटी) म्हणजे एकूण रक्कम, हे जुळले नाही की ओळ लाल झाली पाहिजे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचाच असतो : पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७, पुढची दहा अक्षरे पॅनची, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघते. क्रमांक वाचताना एक अक्षर चुकले की हे गणित तिथेच अडते. एक्सेलमध्ये बसणारी ही तपासणी बिल वाचणाऱ्या महागड्या साधनात नसेल तर ते साधन परत करा.

वाचनापेक्षा सल्ल्यात जास्त फसगत होते. चॅटबॉटची माहिती एका तारखेपर्यंतची असते आणि ती तारीख तो आपणहून क्वचितच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, मुख्य दर ५ आणि १८ राहिले. पाकीटबंद नमकीन १२ वरून ५ वर आले, सिमेंट २८ वरून १८ वर. जुन्या माहितीवरचा बॉट आजही ‘नमकीनवर १२ टक्के’ असे ठणकावून सांगू शकतो, आणि सांगताना अडखळत नाही. दुसरे उदाहरण पेमेंटच्या मुदतीचे. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे किती दिवसांत द्यायचे, असे विचारले की ‘४५ दिवस’ हे उत्तर हमखास येते. कायदा असा आहे की लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण ४५ दिवसांपुढे नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवस. आपल्याकडचा निम्मा व्यवहार तोंडी शब्दावर चालतो, तेव्हा १५ हाच आकडा आपल्या कामाचा. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ४३ब(एच), म्हणजे मुदत चुकवलेले देणे त्या वर्षी खर्चात धरू न देणारे कलम, मध्यम उद्योगांच्या देण्याला लागू होत नाही आणि नुसत्या व्यापाऱ्याच्या देण्यालाही नाही. हा फरक बॉटच्या अर्ध्या उत्तरात गळून जातो.

निकालांचे दाखले तर बॉट सरळ रचतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि एआयने दिलेले दाखले पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. नोटिशीला उत्तर लिहिताना एआयकडून मसुदा जरूर घ्या. त्यातला प्रत्येक निकाल, प्रत्येक कलम आणि प्रत्येक तारीख मूळ जागी उघडून पाहा, आणि ज्याने पाहिले त्याची आद्याक्षरे समासात घ्या. आद्याक्षरे नसतील तर मसुदा बाहेर जाऊ देऊ नका.

मुनीमजींच्या टेबलावरचा खरा धोका मात्र उत्तरात नसतो, प्रश्नात असतो. ‘या पार्ट्यांची उधारी वयानुसार लाव’ असे म्हणत पूर्ण लेजर, मोबाइल नंबर आणि पॅनसकट, फुकटच्या खात्यात चिकटवले जाते. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी सोर्स कोड असाच चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. तिथे निदान स्वतःचे गुपित गेले. आपण गिऱ्हाइकाचे देतो.

करायचे काय? नावांच्या जागी पार्टी ०१, पार्टी ०२ असे कोड घाला आणि कोडची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये, आपल्याच संगणकावर ठेवा. मोबाइल, पॅन, आधार, बँक खाते हे रकाने झाकू नका, पुसून टाका. एक्सेलमध्ये लपवलेला रकाना फाइलबरोबर जातोच. आधारची प्रत घ्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली घ्या. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘आमच्या माहितीवर मॉडेल शिकवू नका’ हा पर्याय शोधून लावा, आणि शक्य असेल तर व्यावसायिक खाते घ्या. बंदी घालून काही होत नाही, हेही सांगतो. दुकानाच्या संगणकावर बंद केले की तेच लेजर पोऱ्याच्या मोबाइलवरून जाते आणि मग नोंदसुद्धा राहत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा सांगून घाबरवणारे सल्लागार सध्या पुष्कळ फिरताहेत, म्हणून त्यातली कामाची कलमेच सांगतो. माहितीवर प्रक्रिया बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याने केली तरी जबाबदारी तुमचीच राहते आणि त्याच्याशी वैध करार लागतो. माहितीवरून एखाद्या माणसाबद्दल निर्णय होणार असेल तर ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असली पाहिजे. संमतीची सूचना ग्राहकाला मराठीत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. माहिती फुटली तर बाधितांना विनाविलंब कळवायचे आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सायबर घटनेची खबर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत देण्याचा नियम तर २०२२ पासूनच आहे.

बॉटबद्दल एक निकाल सर्वांनी लक्षात ठेवावा. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनिमित्तच्या सवलतीबद्दल चुकीचे सांगितले. कंपनीने बचाव घेतला की बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आमची नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. आपल्या बॉटला किंमत, सवलत, परतावा आणि वॉरंटी या चार विषयांवर स्वतःच्या मनाने बोलू देऊ नका. तिथे आधी लिहून ठेवलेले उत्तरच गेले पाहिजे. नसेल तर माणूस.

आणि बोलणारा बॉट घेत असाल तर त्याला आपली बोली ऐकवा. ‘मले पैसे वापस पायजे’, ‘काहून नाई आला माल?’, ‘बर्डीवाल्या दुकानातून घेतला होता ना’ ही इथली रोजची वाक्ये आहेत, मध्येच हिंदी, मध्येच वऱ्हाडी. प्रमाण मराठीवर शिकलेला बॉट ‘काहून’ला अडखळतो, ‘पुन्हा सांगा’ म्हणतो, आणि तीनदा असे झाले की फोन कापतो. अहवालात त्या फोनची नोंद ‘ग्राहकाने संवाद संपवला’ अशी होते. मालकाला वाटते, तक्रारी कमी झाल्या. पन्नास खरे फोन, बोलणाऱ्यांच्या संमतीने, ऐकवून पाहा आणि मोजा : वऱ्हाडीत बोलणाऱ्यांपैकी किती जणांचे काम झाले, प्रमाण भाषेत बोलणाऱ्यांपैकी किती जणांचे.

कारखान्यांत चेहरा पाहून हजेरी लागते. ४०० कामगार, येताना-जाताना मिळून दिवसाला ८०० वेळा चेहरा पाहिला जातो. शंभरात एकदा यंत्र चुकले तरी रोज आठ जण ‘गैरहजर’. मे महिन्यात हा आकडा वाढतो, कारण डोक्याला-तोंडाला दुपट्टा असतो, घामाने चेहरा चकाकतो, आणि यंत्र पूर्वेकडच्या गेटवर असेल तर सकाळच्या पाळीला सूर्य कामगाराच्या पाठीशी असतो आणि चेहरा काळा येतो. यंत्र सावलीत घ्या, उजेड चेहऱ्यावर पडेल असे फिरवा, उन्हाळ्यात फोटो नव्याने नोंदवा आणि शेजारी सहीचे रजिस्टर ठेवा. नुसत्या यंत्राच्या नोंदीवर कोणाची रोजी कापू नका. सुपरवायझरने रजिस्टर पाहून सही केल्याशिवाय कपात होणार नाही, एवढी एक ओळ हजेरीच्या नियमात घाला. मिहानमधून युरोपसाठी काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कामाच्या जागी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा.

नोकरीचे अर्ज गाळण्याबद्दल. अॅमेझॉनने असे एक साधन बनवले होते. ते दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकले, त्या अर्जांत पुरुषच जास्त होते, आणि ते बायकांचे अर्ज मागे टाकू लागले. कंपनीने ते मोडीत काढल्याचे २०१८ मध्ये बाहेर आले. आपल्याकडे यात आडनाव, पिन कोड, वस्ती आणि शाळा येतात. जातीचा रकाना नसला तरी या चार गोष्टींवरून यंत्र तिथेच पोचते. वीस अर्ज घ्या, त्यांच्या नकला करा, फक्त आडनाव आणि पत्ता बदला, पुन्हा चालवा. क्रम हलला तर ते साधन त्याच दिवशी बंद करा. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे ही चाचणी करायला कायद्याची वाट पाहावी लागू नये.

केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ ला एआयच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत विश्वास, न्याय्यता, उत्तरदायित्व अशी सात सूत्रे आहेत. सूत्रे चांगली आहेत, पण इतवारीतल्या दुकानदाराला त्यातून सोमवारी सकाळी काय करायचे ते कळत नाही. ते काम संघटनांचे आहे. आमच्या मागण्या तीन.

पहिली, सामायिक नमुना संच. एकट्या दुकानाला चाचणी झेपत नाही, संघटनेला झेपते. दोन्ही बहारांतल्या फळांचे प्रत लावलेले फोटो, दोनशे खरी बिले (नावे पुसून), आणि वऱ्हाडी-हिंदी-मराठीतले तीनशे फोन, संमतीसह. हा संच विक्रेत्याच्या हाती कधीही देऊ नये. दिला की तो त्यावरच मॉडेल शिकवतो आणि पुढच्या चाचणीत शंभरपैकी शंभर आणतो. त्याने साधन घेऊन यावे, चाचणी आपण करावी, त्याला फक्त निकाल द्यावा. दरवर्षी संचातला एक तृतीयांश भाग बदलावा.

दुसरी, करारातल्या चार ओळी, ज्या प्रत्येक सभासद विक्रेत्याकडून लिहून घेईल : आमच्या माहितीवर मॉडेल शिकवणार नाही, मॉडेलची आवृत्ती किंवा उंबरठा बदलण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवू, प्रत्येक निर्णयाची नोंद किमान १८० दिवस ठेवू, करार संपल्यावर माहिती परत देऊन आमच्याकडची पुसू. दुसरी ओळ सर्वांत जास्त विसरली जाते. ही साधने रातोरात अद्ययावत होतात. ऑक्टोबरात तपासलेले साधन डिसेंबरात तेच राहिलेले नसते. आवृत्ती बदलली की पासिंग संपले, असे धरावे.

तिसरी, दाद मागायची जागा. यंत्राने प्रत, हजेरी, उधारी किंवा अर्ज याबद्दल दिलेल्या निर्णयाखाली एका माणसाचे नाव आणि नंबर छापलेला असावा. फळाच्या बाबतीत शेतकऱ्याने मागितले तर खालच्या प्रतीतली वीस फळे त्याच्यासमोर हाताने तपासून द्यावीत, त्याच दिवशी, कारण फळ थांबत नाही. बाकीच्या तक्रारींना तीन दिवस पुरेत. संघटनेने अशा तक्रारींचे एक रजिस्टर ठेवावे आणि त्यात साधनाचे नाव लिहावे. तेच साधन पाच दुकानांत तीच चूक करत असेल तर ती फक्त या रजिस्टरमध्येच दिसेल.

नमुने गोळा करायला दोन्ही बहार हाती लागावे लागतात, म्हणून फोटो आणि प्रत लावण्याचे काम पुढच्या तोडणीपासूनच सुरू करावे. चाचणीचा कोरा तक्ता, बिल तपासणीची एक्सेल फाइल आणि करारातल्या चार ओळींचा मराठी मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. जी संघटना मागेल तिला विनामूल्य देऊ, आणि पहिली चाचणी करताना शेजारी उभे राहू.

आपले नम्र,
नागपुरात सॉफ्टवेअर, हिशेब व प्रतवारी यंत्रांवर काम करणारे काही जण